न पाहिलेल्या सहा कॅसेट्स

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. अनघाला नाही — आणि माझं बाकी सगळं तिला ठाऊक आहे, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ठाऊक असतंच. नागपूरला माझ्या भावाला नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? कुणी मेलं नाही, कुणाचं घर मोडलं नाही. मी एका प्रश्नाला फक्त ‘हो’ म्हणालो. पण तो प्रश्न कुणी विचारला, कशासाठी विचारला — ते आधी सांगायला हवं. थोडं लांबून येतो. एकदम नाही जमत.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. कंपनीने मला वर्क व्हिसावर मिल्टन कीन्सला पाठवलं होतं, इन्शुरन्सच्या एका सिस्टिमवर. मी संख्याशास्त्राचा माणूस. अनघा आणि मी दोघंच. गाव नवं, आखून वसवलेलं. एका राउंडअबाउटवरून, म्हणजे गोल चौकावरून, सुटावं ते दुसऱ्यावर. गाडी काढल्याशिवाय दूधसुद्धा मिळायचं नाही. ओळखीपाळखी नव्हत्या, आणि शनिवार-रविवार अंगावर यायचे.

एका सकाळी घरमालकाने फ्यूजबॉक्स बघायला इलेक्ट्रिशियन पाठवला. मी आईशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तसा शिडीवरून आवाज आला, “दादा, तू मराठी आहे? मी पण.” तो विवेक. जन्म लेस्टरचा. आई कोल्हापूरची, लेस्टरच्याच हॉस्पिटलात नर्स होती. त्याचं वय तेव्हा एकोणतीस. स्वतःची पांढरी व्हॅन, स्वतःचा धंदा. त्याच्या मराठीत जगातल्या सगळ्या वस्तू पुल्लिंगी होत्या — तो भाकरी, तो खिडकी, तो शिडी. अनघाला तो पहिल्याच दिवशी आवडला. मलाही आवडला. हे मुद्दाम सांगतोय. तो मला आवडत नव्हता म्हणून मी तसं वागलो, असं नाही.

चहा पिताना त्याने सांगितलं की तो अमेरिकन फुटबॉल खेळतो. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, खांद्यांवर पॅड चढवून, लांबुळका चेंडू हातात घेऊन खेळतात तो. हौशी क्लब होता. रविवारी रग्बीच्या मैदानावर सामने. कॉलेजात मी क्रिकेटचा स्कोअरर होतो हे माझ्या बोलण्यात आलं, आणि तो एकदम शिडी विसरला. म्हणाला, आमच्याकडे आकडे लिहिणारा कोणी नाही, तू ये. मला क्लबात नेलं ते त्यानेच. कोचला, बाकीच्यांना अभिमानाने सांगितलं ते त्यानेच — हा माझा दादा, ह्याला आकडे येतात.

पहिल्या रविवारी मला काही म्हणजे काही कळलं नाही. धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळायची, शिट्टी व्हायची, पुन्हा रांगा लागायच्या. मग विवेकने समजावलं. चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो — म्हणजे त्याच्याकडे. समोरून चारपाच जण त्याला लोळवायला धावत असतात. त्याच्याकडे तीन सेकंद असतात, कधी तेवढेही नाहीत. तेवढ्यात ठरवायचं की चेंडू कुणाकडे फेकायचा. झेलला तर टीम पुढे सरकते, नाही तर संधी गेली. चार संधींत दहा यार्ड पुढे गेलं नाही की चेंडू दुसऱ्यांना.

एवढं कळलं आणि मी तक्ता आखला. फेक कुणी केली, कुणाकडे केली, झेलली की नाही, किती यार्ड. कोचचं नाव ग्रॅहम. एरवी तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. पहिल्या महिन्याचा हिशेब बघून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या परक्या देशात ऑफिसच्या बाहेर प्रथमच मी कुणाला तरी हवा होतो. काय वाटलं असेल मला, सांगा? प्रत्येक रविवारी मी मैदानाच्या कडेला, पिवळं जॅकेट, हातात क्लिपबोर्ड. एकही सामना चुकवला नाही.

एकदा सरावानंतर सगळे बसले होते, तेव्हा विवेक सहज म्हणाला, “दादा, तू लिहितो तेव्हा तू बघत नाही.” मग तेच इंग्रजीत सांगितलं आणि सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण घरी जाताना गाडीत ते वाक्य माझ्याबरोबर आलं — आणि उतरलं नाही.

दुसऱ्या सीझनला रॉस आला. युनिव्हर्सिटीच्या टीमकडून खेळलेला, उंच, देखणा, हात मजबूत. तोही क्वार्टरबॅक. ग्रॅहमने सहा सामने दोघांना अर्धा-अर्धा वेळ खेळवलं. माझ्या तक्त्यात उत्तर स्वच्छ होतं — रॉसच्या बहुतेक फेकी झेलल्या जायच्या, विवेकच्या जेमतेम निम्म्या. मी ग्रॅहमला तसं सांगितलं. मग त्याने गाडीतून एक कापडी पिशवी आणली. त्यात सहा व्हिडिओ कॅसेट्स होत्या. त्याची बायको मॉरीन उंच शिडीवर उभी राहून प्रत्येक सामना शूट करायची. ग्रॅहम म्हणाला की आकडे मला माहीत आहेत, पण माझं मन विवेककडे जातं आणि का ते सांगता येत नाही; तू शांत डोक्याचा आहेस, या सहाही बघ, दोन आठवडे घे, आणि तुला डोळ्यांनी काय दिसतं ते मला सांग.

पिशवी मी गाडीच्या डिकीत ठेवली. दोन आठवडे ती तिथेच होती.

वेळ नव्हता म्हणून? नाही. वेळच वेळ होता. मला ते हास्यास्पद वाटलं होतं. ‘मन जातं’ म्हणे. नागपूरला पानठेल्यावर उभं राहून बॅट धरण्याच्या ऐटीवरून खेळाडू जोखणारे काका मी पाहिले होते. डोळे माणसाला फसवतात, आकडे फसवत नाहीत, असं मी वीस वर्षं मानत आलो होतो. आणि दुसरंही होतं — हे लिहायला आत्ताही जड जातंय. कॅसेट्स माझ्या तक्त्याशी जुळल्या नाहीत तर? विवेकचं ते वाक्य खरं निघालं तर?

मंगळवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये बैठक झाली. ग्रॅहम, विवेक, रॉस, आणखी दोघं जुने खेळाडू. मी दोन पानांचा रिपोर्ट वाचला. आकडे तक्त्यातले. पण मध्ये मध्ये मी वाक्यं घातली होती — की विवेकला मैदान उशिरा दिसतं, समोरच्या कुणीही न घेरलेला, मोकळा माणूस त्याच्या नजरेतून सुटतो, फेक घाईत होते. ही वाक्यं कुठून आली? आकड्यांवरून मी अंदाज बांधला होता आणि पाहिल्यासारखा लिहिला होता.

वाचून झालं. विवेकने माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, “दादा, तू सगळा टेप बघितला?”

“हो,” मी म्हणालो. “सगळ्या पाहिल्या.”

तो एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. संशयाने नाही — समजून घेत होता. मग मान हलवून तो इतरांना इंग्रजीत म्हणाला, त्याने सहाही पाहिल्या आहेत, मग हे बरोबर असणार, रॉसलाच खेळवा. उठून त्याने रॉसशी हात मिळवला. ग्रॅहमने रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला.

एवढाच असता गुन्हा तर कदाचित मी तो विसरूनही गेलो असतो. पण पुढचं ऐका.

ग्रॅहमने कॅसेट्स परत मागितल्या. त्यांच्यावर पुढचे सामने टेप करायचे होते. शनिवारी दुपारी पिशवी घरात आणली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सहाही कॅसेट्स सुरुवातीलाच गुंडाळलेल्या आहेत. पाहिलेल्या कॅसेट्स अशा असतील का? म्हणून त्या शेवटपर्यंत पळवून ठेवायच्या, पाहिल्यासारख्या दिसाव्यात म्हणून, मी पहिली कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली. त्यासाठी घातली. अनघा मैत्रिणीबरोबर लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांतून सामान आणायला गेली होती. घरात मी एकटा. पळवण्याचं बटण दाबण्याआधी चित्र सुरू झालं — आणि माझं बोट तिथेच थांबलं.

मॉरीन उंचावर होती, त्यामुळे अख्खं मैदान दिसत होतं. कडेला उभं राहून कधी दिसलं नव्हतं तसं. विवेककडे चेंडू आला. दोन पावलं मागे येऊन तो डावीकडे बघू लागला. नुसतं बघत राहिला. समोरच्यांची दोन माणसं त्याच्या नजरेमागून, दावं बांधल्यासारखी, डावीकडे ओढली गेली. आणि त्याने चेंडू फेकला — उजवीकडे. तिथे कुणीच नव्हतं. नुसतं गवत. मला वाटलं, चुकला. तेवढ्यात चित्राच्या कडेतून आमचा टेरी धावत आत आला आणि चेंडू अलगद त्याच्या हातात उतरला, जणू दोघांची आधीच वेळ ठरली होती. टेरीच्या हातातून तो निसटला.

मी तक्ता काढला. त्या फेकीसमोर माझ्या अक्षरात लिहिलं होतं — झेल नाही. ते खोटं नव्हतं. झेल खरंच नव्हता.

कॅसेट मागे घेतली. पुन्हा पाहिलं. पुन्हा घेतली. गवताचा तो रिकामा तुकडा, आणि तिथे अजून न आलेला माणूस त्याला दिसलेला! दुसऱ्या एका वेळी समोरचा सगळ्यांत आडदांड गडी सरळ त्याच्या अंगावर येत होता. विवेकला तो दिसतोय हे मलाही दिसत होतं. तो हलला नाही. अर्धा सेकंद थांबलं तर टेरी मोकळा होणार होता, म्हणून तो अर्धा सेकंद उभा राहिला, फेकलं, आणि त्याच क्षणी आडवा झाला. फेकीचं काय झालं ते त्याला दिसलंसुद्धा नसेल. चेंडू टेरीच्या बोटांना घासून गेला. तक्त्यात — झेल नाही. आणि एकदा त्याने चेंडू आपल्याच माणसाच्या पायापाशी जमिनीवर मारला होता. तेव्हा मी तिथे प्रश्नचिन्ह घातलं होतं. आता दिसलं. त्या माणसाच्या पाठीमागून समोरच्यांचा एक जण पूर्ण वेगात येत होता. चेंडूसाठी हात वर केले असते तर याच्या बरगड्या उघड्या पडल्या असत्या. विवेकने चेंडू वाया घालवला, त्याचे हात वर जाऊ नयेत म्हणून.

हे सगळं तीन सेकंदांत. एवढं दिसतं माणसाला? बावीस जण, कोण कुठे आहे, कोण कुठे असणार आहे, कुणाला मार बसणार आहे? मुरलेल्या गवयाची बैठक ऐकताना समेवर आपली मान आपोआप हलते ना, तशी टीव्हीसमोर माझी मान हलत होती. मी केव्हा उठून उभा राहिलो मला कळलं नाही. रॉस वाईट नव्हता, हेही सांगतो. तो जवळच्या माणसाला द्यायचा. आठ यार्ड हवे असताना तीन यार्डांवर द्यायचा. झेल व्हायचा, तक्ता खूश व्हायचा, आणि चेंडू दुसऱ्यांकडे जायचा.

मग तिसऱ्या कॅसेटमध्ये मी मला पाहिलं. चित्राच्या कोपऱ्यात पिवळं जॅकेट. दहा पावलांवर विवेक तो चमत्कार करतोय आणि पिवळ्या जॅकेटचं डोकं खाली. शिट्टी झाली की वर बघायचं, चेंडू हातात आहे की जमिनीवर एवढं बघायचं, पुन्हा खाली.

अनघा पिशव्या घेऊन आली. मी असा उभा का, म्हणून तिने विचारलं. डोकं दुखतंय म्हणालो. रविवारी सामना नव्हता. ती मराठी मंडळाच्या मीटिंगला गेली तेव्हा उरलेल्या कॅसेट्स पाहिल्या. आयुष्यात मी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं, अजून पाहिलेलं नाही. नंतर सहाही कॅसेट्स शेवटपर्यंत पळवून पिशवीत भरल्या.

अजून निम्मा सीझन शिल्लक होता. एक फोन पुरला असता.

मंगळवारी मी पिशवी परत दिली. ग्रॅहमने विचारलं, पुन्हा नजर टाकलीस का, मत तेच आहे ना? मी म्हणालो, आकडे बरोबर आहेत. बघा, किती सांभाळून बोललो — आकडे खरंच बरोबर होते. मॉरीन बाजूलाच होती. ती म्हणाली की तिला आपलं वाटायचं, विवेकला बघत राहावंसं वाटतं. पण तिला कुठे खेळातलं कळतं. मी काही बोललो नाही. पुढच्या महिन्याभरात त्या सहाही कॅसेट्सवर दुसरे सामने टेप झाले. का नाही सांगितलं, याचं कारण मला माहीत आहे. पण ते लिहिलं की सबब वाटेल. नको.

सीझनच्या शेवटी बाद फेरीचा सामना आला. विवेक प्रत्येक आठवड्याला यायचा; कडेला उभा राहायचा, आपल्याला काय दिसलं ते रॉसला सांगायचा. शेवटची संधी होती, आम्ही चार गुणांनी मागे; चेंडू टोकाच्या रेषेपलीकडे नेला असता तर जिंकलो असतो. रॉसने चेंडू जवळच्या माणसाला दिला. झेल झाला. तो माणूस रेषेच्या अलीकडेच पडला आणि सामना संपला. पण मी त्या वेळी तक्त्यात बघत नव्हतो. विवेक शेजारी होता, आणि त्याची नजर जिकडे होती तिकडे मी बघत होतो. पार पलीकडे टेरी एकटा उभा होता, हात वर करून.

विवेक हळूच म्हणाला, “दादा, टेरी मोकळा होता ना?”

“माझं लक्ष नव्हतं,” मी म्हणालो.

तो मग म्हणाला, “नसेल. मला चुकीचा दिसला असेल.”

त्या हिवाळ्यात त्याच्या बायकोला ग्लासगोला नोकरी लागली. निघण्याआधी तो आमच्याकडे आला. खांद्यांचे पॅड, हेल्मेट, सगळं क्लबला देऊन टाकलं म्हणाला. चहा घेताना तो मला म्हणाला की बरं झालं तू खरं सांगितलंस, नाहीतर मी उगाच अजून दोन वर्षं स्वतःला फसवत राहिलो असतो. मला वाटायचं मला दिसतं, असंही म्हणाला. अनघा स्वयंपाकघरात होती. माझ्यासमोर एवढी मोकळी जागा होती, आणि मी त्याला आणखी चहा हवा का ते विचारलं. उठताना आईने सांगितलंय म्हणून त्याने वाकून दोघांना नमस्कार केला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढे दोनेक वर्षांनी गणपतीत लेस्टरला त्याची आई भेटली. ग्लासगोतला एक क्लब त्याला कोच हो म्हणून मागे लागला होता, असं त्या सांगत होत्या. हा नाही म्हणाला. का, तर म्हणे मला खेळ दिसत नाही, मी दुसऱ्यांना काय दाखवू. प्रसादाचा द्रोण हातात घेऊन मी ऐकत होतो. मी त्यांना विचारलं, “असं का म्हणतो तो?”

हो, विचारलं मी.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. दिवाळीला त्याचा मेसेज येतो, मी उत्तर देतो. त्याला मैदान उशिरा दिसत नव्हतं. कुणाच्याही आधी दिसत होतं, आणि त्याचा पुरावा पाहिलेला माणूस मी आहे. कॅसेट्स पाहिल्या नव्हत्या तेव्हा मी पाहिल्या म्हणालो. पाहिल्या तेव्हा गप्प बसलो.